महाविद्यालयाच्या लेखा विभागात रुजू होताना: हा पैसा कुणाचा?

अनुदानित महाविद्यालयाच्या लेखा विभागात कनिष्ठ लिपिक म्हणून नव्याने रुजू झालेल्या माणसाला पहिल्या पंधरवड्यात एक कोडे हमखास पडते. बँकेच्या पासबुकात तीस-चाळीस लाख रुपये दिसत असतात आणि तरीही झेरॉक्सवाल्याचे दोन हजारांचे बिल प्राचार्य परत पाठवतात. त्याला वाटते, साहेब विनाकारण अडवतात. मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी याच टेबलावर मी तीस वर्षे काढली आणि रुजू झालो तेव्हा मलाही तसेच वाटले होते. महाविद्यालयाच्या खात्यात असलेला पैसा बहुतांशी महाविद्यालयाचा नसतो, हे लक्षात आल्यावर कोडे सुटते. म्हणून या लेखातील प्रत्येक पायरीवर विचारायचा प्रश्न एकच आहे: समोरचा रुपया कुणाचा?

पहिली पायरी: ताबा

आधीचा लिपिक बदलून गेला असो वा सेवानिवृत्त झालेला असो, तोंडी ताबा घेऊ नये. ताबा यादी लेखी करावी आणि तिच्यावर देणारा, घेणारा व प्राचार्य अशा तिघांच्या स्वाक्षऱ्या असाव्यात. यादीत रोकड वहीची शेवटची शिल्लक व प्रत्यक्ष मोजलेली रोख, कोऱ्या पावती पुस्तकांचे अनुक्रमांक, न वापरलेल्या धनादेशांचे क्रमांक, मुदत ठेवींच्या पावत्या, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, तिजोरीच्या किल्ल्या आणि येणे असलेल्या तसलमातींची (कामासाठी आगाऊ दिलेल्या रकमांची) नावनिशीवार यादी एवढे तरी यायलाच हवे. कोऱ्या पावती पुस्तकांकडे नवखे लोक रद्दी समजून पाहतात. वास्तविक हरवलेल्या एका धनादेशापेक्षा हरवलेले एक पावती पुस्तक जास्त त्रास देते, कारण धनादेश बँकेत थांबवता येतो, पण पावती पुस्तकावर कुणी किती रक्कम गोळा केली हे कळायला मार्गच उरत नाही.

मुदत ठेवींच्या पावत्या एकेक करून वाचाव्यात. त्यातल्या काही बक्षीस निधीच्या असतात, म्हणजे एखाद्या माजी विद्यार्थ्याने वडिलांच्या स्मरणार्थ मराठी विषयात पहिल्या येणाऱ्यासाठी दिलेली रक्कम. अशा ठेवीचे फक्त व्याज खर्चायचे असते, मुद्दल कधीच नाही. ही नोंद पावतीवर नसते, जुन्या फायलीतल्या देणगीदाराच्या पत्रात असते. ते पत्र शोधून त्याची प्रत पावतीला जोडून ठेवावी.

दुसरी पायरी: खाती ओळखणे

आपल्याकडील बहुतेक शिक्षण संस्था संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या दोन्हींखाली नोंदलेल्या असतात. महाविद्यालय त्या संस्थेचे एक केंद्र असते, त्याची संलग्नता विद्यापीठाशी असते आणि पगार शासन देते. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड व धाराशिव या जिल्ह्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आणि नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली यांच्यासाठी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, हे तुम्हाला ठाऊक असेलच. उच्च शिक्षणाच्या विभागीय सहसंचालकांची कार्यालयेही छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड येथे आहेत. थोडक्यात, तुमच्या वह्या धर्मादाय कार्यालय, विद्यापीठ आणि सहसंचालक या तिघांनाही दाखवाव्या लागतात आणि तिघांचे डोळे वेगवेगळ्या आकड्यांवर असतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, ३१ जुलैला सर्वसाधारण खात्यात ३८,४०,००० रुपये शिल्लक आहेत. त्यापैकी १४,६०,००० रुपये परीक्षा शुल्क, पात्रता शुल्क व विद्यार्थ्यांकडून विद्यापीठासाठी घेतलेल्या इतर रकमांचे आहेत. ६,२५,००० रुपये विद्यार्थ्यांची ग्रंथालय व प्रयोगशाळा अनामत आहे, जी त्यांना महाविद्यालय सोडताना परत द्यायची आहे. ९,१०,००० रुपये विद्यार्थ्यांना द्यायचे शुल्क परतावे व शिष्यवृत्तीची रक्कम आहे आणि ३,००,००० रुपये एका चर्चासत्रासाठी आलेले अनुदान आहे. हे सगळे वजा केल्यावर हातात ५,४५,००० रुपये उरतात. प्राचार्यांच्या डोक्यात हा शेवटचा आकडा असतो, तर नव्या लिपिकाच्या डोळ्यांसमोर पहिला. दर महिन्याच्या अखेरीस एका कागदावर अशी फोड करून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवण्याची सवय लावून घ्यावी. कोणताही नियम हा कागद मागत नाही, पण माझ्या मते लेखा विभागातला सर्वांत उपयोगी कागद हाच आहे.

तो न ठेवल्याने काय होते, हे मी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी पाहिले. ऑगस्टमध्ये परीक्षा शुल्काची रक्कम खात्यात पडून होती आणि वसतिगृहाच्या छताला गळती लागली. मी शिल्लक सांगितली, साहेबांनी विश्वासाने दुरुस्तीचा धनादेश काढला. विद्यापीठाकडे भरणा करण्याची तारीख आली तेव्हा खात्यात पुरेसे पैसे नव्हते आणि विलंब शुल्क लागले. चूक छताची नव्हती, साहेबांचीही नव्हती. मी विद्यापीठाचा पैसा महाविद्यालयाचा म्हणून सांगितला होता.

राष्ट्रीय सेवा योजना, केंद्र शासनाच्या योजना आणि विनाअनुदानित अभ्यासक्रम यांची खाती वेगळी ठेवतात, त्याचे कारणही हेच आहे. बीसीए किंवा संगणकशास्त्राच्या विनाअनुदानित वर्गाचे शुल्क त्या वर्गाच्या अध्यापकांच्या पगारासाठी असते. अनुदानित बाजूला तूट आली म्हणून ते तिकडे वळवले, तर वर्षअखेरीस दोन्ही हिशेब खोटे ठरतात.

तिसरी पायरी: शुल्क आणि पावती

जून-जुलैतील प्रवेशाचे दिवस हे खरे परीक्षेचे दिवस. शुल्काचा तक्ता खिडकीजवळ लावलेला असावा आणि पावतीवर एकूण रक्कम न लिहिता प्रत्येक शीर्ष वेगळे दाखवावे: शिक्षण शुल्क, ग्रंथालय, जिमखाना, प्रयोगशाळा, विद्यापीठाचा हिस्सा, अनामत. शीर्ष एकत्र केले की पुढे वेगळे करता येत नाहीत. अनुदानित अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्काचा हिशेब अनुदान निर्धारणाच्या, म्हणजे देय अनुदान ठरवण्याच्या वेळी शासनाला द्यावा लागतो, म्हणून ते शीर्ष जिमखान्यात मिसळलेले असेल तर चार वर्षांनी वसुलीचे पत्र येते आणि तेव्हा कागद शोधणारा माणूस तुम्हीच असता.

जमा झालेली रोख त्याच दिवशी, निदान दुसऱ्या दिवशी बँकेत भरावी. आलेल्या रोखीतून परस्पर खर्च करू नये. आज सकाळी शुल्कापोटी आलेल्या पैशांतून पाहुण्यांसाठी चहा-फराळ आणला, तर रक्कम किरकोळ असली तरी रोकड वहीत जमा आणि बँकेतला भरणा यांचा मेळ तुटतो. किरकोळ खर्चासाठी वेगळी रक्कम मंजूर करून घ्यावी.

हल्ली बहुतेक भरणा क्यूआर कोडवरून होतो आणि त्यातून नवीन गोंधळ जन्मतात. मुलगा खिडकीसमोर उभा राहून मोबाइल दाखवतो, त्यावर हिरवी खूण असते आणि मागे रांग असते. अशा वेळी हिरव्या खुणेवर पावती फाडू नये. आपल्या बाजूच्या व्यवहार यादीत तो व्यवहार क्रमांक दिसल्यावरच पावती द्यावी आणि पावतीवर तो क्रमांक लिहावा. नेटवर्क गेल्यामुळे एकाच मुलाचे २,८५० रुपये दोनदा जमा झाले, असे दर हंगामात दोन-चार वेळा होते. क्रमांक लिहिलेला असेल तर परतावा दहा मिनिटांत निघतो. नसेल तर बिचाऱ्या मुलाला चार चकरा पडतात.

हप्त्यांबाबत थोडे आपल्या भागाचे भान हवे. बीड, धाराशिव, जालना या पट्ट्यातील अनेक मुलांचे आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, तर इतर बऱ्याच घरांत सोयाबीन किंवा कापूस विकल्यावरच पैसा येतो. हप्त्याची तारीख सप्टेंबरात ठेवली तर वसुली होत नाही, दिवाळीच्या आगेमागे ठेवली तर बऱ्यापैकी होते. तारीख ठरवणे लिपिकाच्या हातात नसते, पण मागच्या तीन वर्षांची महिनावार वसुली काढून प्राचार्यांना दाखवणे नक्कीच त्याच्या हातात असते.

दुष्काळातील परीक्षा शुल्क माफीही इथेच समजून घ्यावी. शासनाने दुष्काळ जाहीर केलेल्या तालुक्यांतील विद्यार्थ्यांना ही सवलत मिळते. २०२३ च्या खरीप हंगामात राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तेव्हाच्या सवलतींतही ती होती. अडचण अशी की, शुल्क आधी भरलेले असते आणि परताव्याची रक्कम पुष्कळ उशिरा येते. तोपर्यंत मुलगा पदवी घेऊन पुण्याला कामाला गेलेला असतो. ती रक्कम उत्पन्नात टाकून मोकळे होण्याचा मोह होतो. तसे करू नये. ती देणे म्हणून दाखवावी, मुलांच्या बँक खात्यांचे तपशील परीक्षा अर्जासोबतच घेऊन ठेवावेत आणि वाटपाची नावनिशीवार यादी जपावी.

चौथी पायरी: शिष्यवृत्ती

आपल्याकडच्या पुष्कळ महाविद्यालयांत शिष्यवृत्तीचे विद्यार्थी निम्म्याहून अधिक असतात. त्यामुळे महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरील अर्जांची पडताळणी हे आर्थिक कामच आहे. एखादा अर्ज लिपिकाच्या लॉगिनमध्ये पडून राहिला, तर त्या मुलाचे नुकसान होते आणि महाविद्यालयाचे येणेही बुडते. पात्र विद्यार्थ्याकडून शिष्यवृत्तीत मिळणारे शुल्क प्रवेशाच्या वेळी मागू नये. ते येणे म्हणून योजनावार नोंदवावे.

अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत २०२१-२२ पासून केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या आधार संलग्न खात्यात जमा होतो. त्यातला शुल्काचा भाग विद्यार्थ्याने महाविद्यालयात भरायचा असतो. अनेक मुलांना आलेल्या पैशांपैकी कोणते आपले आणि कोणते महाविद्यालयाचे हे कुणी सांगितलेलेच नसते. दमदाटीने किंवा गुणपत्रक अडवून वसुली करण्याचे प्रकार होतात. ते चुकीचे आहेत आणि त्यांचा फारसा उपयोगही होत नाही. अर्ज भरतानाच एका पानावर दोन्ही रकमा लिहून मुलाच्या हाती दिल्या आणि रक्कम जमा झाल्याच्या आठवड्यात संदेश पाठवला, तर बहुसंख्य मुले स्वतःहून भरतात, असा माझा अनुभव आहे.

पाचवी पायरी: पगार

पगाराचा पैसा महाविद्यालयाचा नाही, शासनाचा आहे आणि तो कर्मचाऱ्याच्या नावाने येतो. वेतन देयक सेवार्थ या शासनाच्या ऑनलाइन वेतन प्रणालीवर तयार होते, प्राचार्यांच्या मान्यतेने सहसंचालक कार्यालयाकडे जाते आणि तेथील तपासणीनंतर पुढे सरकते. लिपिकाचे खरे काम देयक तयार करण्याच्या आधीचे असते. त्या महिन्यात कोण विनावेतन रजेवर होते, कुणाची वेतनवाढ लागली, कोण निवृत्त झाले, कुणाचा पतसंस्थेचा हप्ता संपला, हे आस्थापना विभागाकडून लेखी घ्यावे. जिन्यात भेटलेल्या सरांनी 'माझा हप्ता संपला बरं का' असे सांगितले, म्हणून कपात थांबवू नये. पतसंस्थेचे पत्र मागावे.

कपातींत १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर नियुक्त झालेल्यांची अंशदायी निवृत्तिवेतनाची १० टक्के वर्गणी, त्याआधीच्यांची भविष्य निर्वाह निधीची वर्गणी, व्यवसाय कर आणि आयकर या प्रमुख आहेत. व्यवसाय कर वर्षाला कमाल २,५०० रुपये, म्हणजे दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये. फेब्रुवारीतले ते जादा शंभर रुपये विसरण्याची परंपरा फार जुनी आहे. आयकराची कपात वर्षभरात समान वाटावी. ती फेब्रुवारीच्या पगारावर ढकलली, तर त्या महिन्यात स्टाफरूममध्ये तुमचे स्वागत कसे होते, हे वेगळे सांगायला नको.

तासिका तत्त्वावरील अध्यापकांची देयके मागे पडतात, कारण त्यांना मासिक तासिकांचा प्रमाणित तक्ता लागतो आणि तो विभागप्रमुखाच्या टेबलावर अडकतो. या मंडळींना मानधनाशिवाय दुसरे काहीच मिळत नाही. तक्ता महिना संपताच मागून घ्यावा.

सहावी पायरी: खर्च आणि प्रमाणक

खर्चाचा क्रम असा असतो: विभागाची मागणी, अंदाजपत्रकात तरतूद आहे का याची खात्री, दरपत्रके, तुलनात्मक तक्ता, पुरवठा आदेश, माल आल्यावर साठा नोंद आणि शेवटी देयक. प्रत्यक्षात पुष्कळदा माल आधी येतो आणि तीन दरपत्रके नंतर जमवली जातात. लेखापरीक्षकाला ते तारखांवरून, कधीकधी तर एकाच हस्ताक्षरावरून कळते.

चांगले प्रमाणक (व्हाउचर, म्हणजे खर्चाचा पुरावा असलेला कागद) कसे दिसते, ते पाहू. समजा, रसायनशास्त्र विभागाच्या काचसामानाचे १८,६०० रुपयांचे देयक आहे. देयकाच्या मागे विभागप्रमुखाने 'माल मिळाला, मोजला, साठा नोंदवहीच्या पृष्ठ ४२ वर नोंद घेतली' असे लिहून तारीख टाकली आहे. पुढे पुरवठा आदेशाची प्रत टाचली आहे. प्रमाणकावर लेखाशीर्ष, धनादेश क्रमांक आणि प्राचार्यांचा 'मंजूर' शेरा अक्षरी रकमेसह आहे. पैसे दिल्यावर देयकावर 'अदा केले' असा शिक्का मारला आहे, म्हणजे तेच देयक पुन्हा येणार नाही. हा शिक्का क्षुल्लक वाटतो, पण पुरवठादाराने पाठवलेली दुसरी प्रत अनवधानाने पुन्हा मंजूर होण्याचे प्रकार तो नसल्यामुळेच होतात. आणि पाच हजारांवरील रोख पावतीला एक रुपयाचे महसूल मुद्रांक हवे. टेबलाच्या खणात पंचवीस-तीस तिकिटे कायम असू द्यावीत.

एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देऊ नये. आयकराच्या दृष्टीने असा खर्च अडचणीत येतो. उगम कर कपातीची (टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेल्या आयकराची) रक्कम पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत आणि मार्चची ३० एप्रिलपर्यंत भरायची असते. कापून न भरल्यास दरमहा दीड टक्का व्याज लागते आणि तिमाही विवरण उशिरा दिल्यास दिवसाला २०० रुपये. कंत्राटदार व्यक्ती असेल तर १ टक्का आणि कंपनी किंवा भागीदारी असेल तर २ टक्के हे दर लक्षात ठेवावेत. आयकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या अधिनियमाची जागा घेतो. त्यामुळे कलमांचे क्रमांक पाठ करण्यापेक्षा व्यवहाराचा प्रकार ओळखायला शिकावे. कापलेला कर हाही आपला पैसा नाही, हे वेगळे सांगायला नको.

तसलमात ही लेखा विभागाची जुनी डोकेदुखी आहे. स्नेहसंमेलनासाठी, सहलीसाठी, क्रीडा स्पर्धेसाठी एखादे प्राध्यापक आगाऊ रक्कम उचलतात आणि बिले पिशवीत राहतात. जुनी तसलमात चुकती झाल्याशिवाय नवी द्यायची नाही, हा ठराव करून घ्यावा. मग 'नाही' म्हणताना तुम्हाला ठरावाकडे बोट दाखवता येते. कनिष्ठ लिपिकाने ज्येष्ठ प्राध्यापकाला नाही म्हणणे किती अवघड असते, ते मी जाणतो.

सातवी पायरी: अंदाजपत्रक

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार महाविद्यालय विकास समिती वार्षिक अंदाजपत्रक व वित्तीय विवरणे तयार करून व्यवस्थापनाकडे मान्यतेसाठी शिफारस करते. संस्थेला तिचे अंदाजपत्रक आर्थिक वर्ष सुरू होण्याच्या किमान एक महिना आधी धर्मादाय कार्यालयाला सादर करायचे असते. म्हणून जानेवारीतच विभागांकडून मागण्या मागवाव्यात. मागच्या वर्षाच्या आकड्यांत सरसकट दहा टक्के वाढवून अंदाजपत्रक करू नये. प्रवेशसंख्या घसरत असताना शुल्काचा आकडा वाढवलेला मी पाहिला आहे आणि ती तूट पुढे प्रयोगशाळेच्या खर्चातून कापली गेली.

आठवी पायरी: जुळवणी आणि ३१ मार्च

बँक जुळवणी पत्रक, म्हणजे आपल्या वहीतल्या व बँकेच्या नोंदींचा मेळ, दर महिन्याला करावे. बारा महिन्यांचे एप्रिलमध्ये एकदम करायला घेतले, तर वर्षभरातला प्रत्येक न वटलेला धनादेश आणि प्रत्येक अनोळखी जमा रक्कम एकाच वेळी समोर उभी राहते. चुकलेल्या नोंदीवर पांढरी शाई लावू नये. एक रेघ मारून वर बरोबर आकडा लिहावा आणि लघुस्वाक्षरी करावी. टॅली या हिशेबाच्या संगणक प्रणालीत नोंद असली तरी मागील तारखेची नोंद बदलण्याऐवजी दुरुस्तीची स्वतंत्र नोंद करावी.

केंद्राच्या योजनांच्या अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र १२-ए नमुन्यात जाते. त्या खात्यावर बँकेने दिलेले व्याज महाविद्यालयाचे उत्पन्न समजले जात नाही. ते शासनाला परत करायचे असते. इथे पुष्कळ जाणती माणसेही चुकतात.

लेखापरीक्षणात आक्षेप निघतातच. त्यांची नोंदवही ठेवावी, प्रत्येक आक्षेपासमोर पुराव्याच्या पानाचा क्रमांक लिहावा आणि अनुपालन पाठवल्यावर पोच जपावी.

जुनी कागदपत्रे काढताना वेतन देयकांच्या नोंदवह्यांना हात लावू नये. मराठवाड्यातील सेवानिवृत्तिवेतनाची प्रकरणे नागपूरच्या महालेखापाल कार्यालयाकडे जातात. एखाद्या जुन्या कालखंडाची पडताळणी राहिली असेल, तर १९९४ सालचा एखादा महिना विचारला जातो आणि निवृत्त शिपाई मामा सकाळी दहा वाजता दारात येऊन उभे राहतात. त्यासाठी कोणत्या वर्षाची वही कोणत्या कपाटात, कोणत्या खणात आहे, याची यादी टंकलिखित करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवावी आणि तिची एक प्रत ताबा यादीला जोडावी.